जुने फोटो आणि पितृऋण



भाद्रपदाचा कृष्ण पक्ष जवळ आला की अनेक घरांत पंचांग उघडून तिथी पाहिली जाते, कुणाला जेवायला बोलवायचे ते ठरते, आणि त्याच सुमारास कुणीतरी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुन्या फोटोंची पिशवी खाली काढते. भिंतीवरच्या फोटोची काच पुसायची असते, हार बदलायचा असतो. एक फोटो पाहता पाहता दुसरा हाती येतो, मग तिसरा. "हा कोण गं?" "ही तुझी आत्या, तिच्या मांडीवर तुझे बाबा." असे करता करता अर्धा दिवस जातो. शेवटी "चला, फार वेळ गेला" असे म्हणून ती पिशवी पुन्हा वर ठेवली जाते.

तो वेळ खरेच वाया जातो का? गेलेल्या आपल्या माणसांचे फोटो पाहणे हे फक्त मन हळवे करणारे काम आहे, की त्यातून साधनाही घडू शकते? या प्रश्नावर आज आपण शांतपणे विचार करूया.

चांदीत जपलेली आठवण

फोटो नव्हते तेव्हाही माणसे आपल्या पूर्वजांचे रूप जपतच होती. महाराष्ट्रातल्या अनेक देवघरांत चांदीच्या पत्र्यावर ठसा उमटवलेले टाक असतात. त्यांत कुलदेवतेच्या टाकाबरोबर काही घरांत 'वीर' म्हणून पूर्वजाचाही टाक असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी असे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेण्याची प्रथा आजही आहे. त्या टाकावरचा चेहरा त्या पूर्वजासारखाच असतो असे नाही. ठसा सगळ्यांचा जवळपास एकच असतो. तरीही घरातली माणसे त्याला ओळखतात, कारण ओळख भावनेतून होते.

1839 साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. ही कला आपल्याकडे इतक्या लवकर रुजली. आपल्या पणजोबांच्या काळातला काळा-पांढरा फोटो कशाचा बनलेला असतो, हे ठाऊक आहे का? कागदावर चांदीच्या क्षारांचा थर दिलेला असतो. प्रकाश आणि रसायन यांचा परिणाम होऊन त्यातली चांदी बारीक कणांच्या रूपात उरते. फोटोतला जो काळा भाग आपल्याला दिसतो, आजीच्या केसांचा, आजोबांच्या टोपीचा, तो म्हणजे चांदीचे कण. देवघरातला टाकही चांदीचा आणि भिंतीवरचा फोटोही चांदीचाच!

आपल्या भाषेत फोटोला दोन शब्द आहेत. कुणी त्याला 'छायाचित्र' म्हणते, कुणी 'प्रकाशचित्र'. दोन्ही शब्द बरोबर आहेत. त्या दिवशी आजीच्या चेहऱ्यावर पडलेला प्रकाश परतून कॅमेऱ्यात शिरला आणि त्याने आपली खूण ठेवली. आजी आज नाही, पण तिला स्पर्श करून आलेल्या प्रकाशाची खूण आपल्या हातात आहे. त्या खुणेकडे आपण केवळ छाया म्हणून पाहतो, की तिच्यातला प्रकाश घेतो, हे मात्र आपल्यावर आहे.

भवभूतीने दाखवलेले चित्रदर्शन

जुनी चित्रे पाहून आपल्या माणसांची आठवण येणे ही गोष्ट फोटोपेक्षा फार जुनी आहे. आठव्या शतकातला महाकवी भवभूती हा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकाचा पहिला अंकच चित्रदर्शनाचा आहे. राज्याभिषेक झालेला आहे, वनवास संपला आहे. लक्ष्मण राम आणि सीता यांना त्यांच्याच आयुष्यातले प्रसंग रंगवलेली चित्रे दाखवतो. आजच्या भाषेत सांगायचे तर कुटुंब एकत्र बसून अल्बम पाहते आहे.

मिथिलेतल्या विवाहाचे चित्र येते आणि रामाला ते दिवस आठवतात. तेव्हा वडील हयात होते, लग्न नुकतेच झाले होते, मुलांची काळजी आया वाहत होत्या. ते दिवस गेले, याची जाणीव त्याला त्या चित्रासमोर होते. प्रत्यक्ष श्रीराम, राजा, मर्यादापुरुषोत्तम, तोही वडिलांच्या आठवणीने गहिवरतो. पुढे शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते. जणू वियोग पुन्हा समोर उभा राहिला. तेव्हा राम तिला धीर देतो की हे तर केवळ चित्र आहे.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, आपल्या माणसांच्या आठवणीने डोळे भरून येणे म्हणजे अध्यात्मात मागे पडणे नव्हे. साधकाने दगड व्हावे असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही. दुसरी गोष्ट, गहिवर आला तरी 'हे चित्र आहे' हे भान सुटू द्यायचे नाही. प्रेम असावे आणि विवेकही असावा. या दोन्ही काठांमधून स्मरणाची नदी वाहिली तर ती आपल्याला पुढे घेऊन जाते. एक काठ फुटला की पूर येतो.

अल्बम आपल्याला गीता समजावतो

आता एक छोटा प्रयोग करून पाहा. घरातल्या गेलेल्या एका व्यक्तीचे जेवढे फोटो मिळतील तेवढे वयाच्या क्रमाने मांडा. समजा आजोबा. पहिला फोटो त्यांच्या मुंजीतला. दुसरा लग्नातला, डोळ्यांत थोडी भीती असलेला. तिसरा कचेरीतल्या सहकाऱ्यांबरोबरचा. चौथ्यात मांडीवर नातू आणि पाचव्यात हातात काठी.

यांतले आजोबा कोणते? मुंजीतल्या त्या मुलाचे शरीर तर आजोबा हयात असतानाच नाहीसे झाले होते. त्याचे हात, त्याचा आवाज, त्याचे केस, काहीच उरले नव्हते. तरी त्या मुलासाठी कुणी रडले नाही, कारण त्या मुलात जो होता तोच तरुणात होता, तोच म्हाताऱ्यात होता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात. बालपण, तारुण्य आणि वार्धक्य या देहाच्या अवस्था आहेत, आणि त्यातून जाणारा देही तोच राहतो. देहांतर हे त्याच प्रवासातले पुढचे पाऊल आहे.

हे तत्त्व आपण अनेकदा ऐकतो आणि मान डोलावतो. पण ओळीने मांडलेल्या पाच फोटोंसमोर बसलो की ते डोळ्यांना दिसते. शरीर बदलताना आपण याच घरात राहून पाहिलेले आहे. शेवटचा बदल तेवढा आपल्या कॅमेऱ्याच्या पलीकडचा आहे.

दोन टोके

गेलेल्या माणसांच्या फोटोंबाबत आपण बहुधा दोन टोकांना जातो. काहीजण फोटोसमोरून हलतच नाहीत. रोज तोच फोटो, तेच अश्रू, आणि "तुम्ही असता तर असे झाले नसते" ही तीच तक्रार. याउलट काहीजण फोटो नजरेसमोर येऊच देत नाहीत. तो ट्रंकेच्या तळाशी पालथा पडलेला असतो आणि घरात त्या व्यक्तीचे नावही निघत नाही.

आमचे घर इंदूरचे. माझ्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, चोविसाव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला. माझा जन्म त्यानंतरचा. राजवाड्याजवळच्या एका स्टुडिओत काढलेला त्याचा एकच मोठा फोटो आजीकडे होता आणि तो साड्यांच्या खाली असायचा. लहानपणी एकदा तो माझ्या हाती लागला, तेव्हा आजीने काही न बोलता माझ्या हातून घेतला आणि पुन्हा खाली सरकवला. आम्हा मुलांना एवढेच कळले की या फोटोविषयी विचारायचे नाही.

पितृपक्षातली चतुर्दशी अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी असते. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी आईने तो फोटो स्वतः बाहेर काढला, पुसला, पाटावर ठेवला आणि मला जवळ बसवले. त्या दिवशी ती दोन तास बोलत होती. मामाने तिला सायकल शिकवली होती. तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून शेवटी खायचा. आजोबांनी "मुलीला एवढे शिकून काय करायचे" म्हटल्यावर त्याने आपल्या पहिल्या पगारातून तिची कॉलेजची फी भरली होती. आई बोलताना रडली, पण मध्येच हसलीही. आजी दाराशी उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळाने तीही येऊन बसली आणि म्हणाली, "शेंगदाणे नाही गं, आधी डाळिंबाचे दाणे."

त्या काळच्या फोटोग्राफरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. फोटो उमटवल्यावर तो 'हायपो'च्या द्रावणातून काढावा लागतो आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावा लागतो. तसे केले नाही तर त्यावरचे उरलेले क्षार प्रकाशात काळे पडत जातात आणि शेवटी चेहराच दिसेनासा होतो. दुःखाचेही असेच आहे. ते ज्ञानाच्या आणि कृतज्ञतेच्या पाण्याने धुतले नाही तर काळे पडत जाते, आणि ज्याच्यासाठी दुःख होते त्याचाच चेहरा झाकून टाकते. आजीच्या मनात इतकी वर्षे अपघातच उरला होता. चोवीस वर्षे जगलेला मुलगा त्या एका क्षणामागे दिसेनासा झाला होता. त्या दिवशी तो तिला परत मिळाला.

मागील पानावरून पुढे

मी वाणिज्य शाखेत शिकते, म्हणून हा विचार मला हिशेबाच्या वहीतून सुचतो. वहीचे नवे पान कोरे दिसते, पण ते कोरे नसते. त्याच्या पहिल्या ओळीत 'मागील पानावरून पुढे' असे लिहून आधीची शिल्लक आणलेली असते. ती शिल्लक या पानाने कमावलेली नसते. पान मात्र तिच्यापासूनच सुरू होते.

मामाने फी भरली म्हणून आई पदवीधर झाली. पदवीमुळे तिला नोकरी लागली आणि त्या नोकरीच्या पगारातून आज माझी फी भरली जाते. ज्याला मी कधी पाहिले नाही त्याच्या पहिल्या पगारावर मी शिकते आहे. आपल्या प्रत्येकाच्या पानावर अशा किती रकमा पुढे आणलेल्या असतील! शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की मनुष्य जन्मतःच ऋणी असतो. देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे ऋण तो घेऊन येतो. हे ऋण ज्याचे त्याला परत करता येत नाही, कारण ज्याने दिले तो निघून गेलेला असतो. ते पुढेच द्यावे लागते. त्या वर्षापासून आई दर जूनमध्ये एका विद्यार्थिनीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलते. त्या पैशांवर ती मनात मामाचे नाव लिहिते.

भरताने हेच केले होते. रामाच्या पादुका मिळाल्यावर तो त्यांच्याकडे बघत बसला नाही. त्या सिंहासनावर ठेवून नंदिग्रामातून चौदा वर्षे त्याने राज्य सांभाळले. आठवणीची वस्तू त्याच्यासाठी कर्तव्याची आज्ञा झाली. आपल्या घरातला फोटोही आपल्यासाठी असाच होऊ शकतो.

फोटोत नसलेले

श्राद्धात तीन पिढ्यांची नावे घेतली जातात: वडील, आजोबा, पणजोबा, तसेच आई, आजी, पणजी आणि आईकडचेही. आता मनातल्या मनात आपल्या चारही पणज्यांची नावे आठवून पाहा. बहुतेकांना एकही नाव चटकन आठवत नाही. पणजोबांचे नाव निदान घराच्या जुन्या कागदावर असते. पणजीचे माहेरचे नाव लग्नात बदलले, आणि पुढे तिला 'अमक्याची आई' म्हणूनच सगळे ओळखत राहिले. फोटोत ती आहे, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीमागे उभी आहे, पण मागच्या बाजूला तिचे नाव नाही.

काहीजण तर फोटोतही नाहीत. विधवा झाली म्हणून जिला शुभप्रसंगी पुढे बोलावले नाही ती आत्या. स्टुडिओचे पैसे नव्हते म्हणून ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही ते खापरपणजोबा. जन्मून काही दिवसांतच गेलेले बाळ. ज्यांनी कॅमेरा हातात धरला म्हणून जे स्वतः कोणत्याच फोटोत नाहीत ते काका. आणि फोटोच्या कडेला अर्धवट आलेली, घरात राबणारी बाई, जिने आपल्या वडिलांना न्हाऊ-माखू घातले.

आपल्या परंपरेने यांची जागा राखून ठेवलेली आहे. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. महालयात नातलगांबरोबर गुरू आणि मित्र यांचेही स्मरण होते. ज्यांना मागे कुणीच नाही त्यांच्यासाठीही तर्पणात पाणी सोडले जाते. 'तर्पण' हा शब्द तृप्त करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि 'श्राद्ध' श्रद्धेपासून. म्हणून अल्बम पाहताना एक क्षण डोळे मिटून, जे या पानांवर नाहीत त्यांनाही नमस्कार करावा.

या पितृपक्षात काय करता येईल

आपली चळवळ कृतीवर विश्वास ठेवते. म्हणून काही सोपे संकल्प सुचवावेसे वाटतात.

पहिला संकल्प नावांचा. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ फोटो घेऊन बसा. प्रत्येक फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे, नाते, गाव आणि अंदाजे साल लिहा. शाईचे पेन वापरू नका, कारण शाई कागदातून पुढे उतरते. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. नावे सांगणारे तोंड मिटले की तो फोटो अनोळखी माणसांचा होतो.

दुसरा संकल्प जपणुकीचा. ओल, बुरशी आणि कसर हे कागदाचे शत्रू आहेत. फोटो कोरड्या जागी, प्रत्येकामध्ये कागद घालून ठेवावेत. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हळूच सोडवता आले तर सोडवावेत, ओढू मात्र नयेत. मूळ फोटो लॅमिनेट करू नये. भिंतीवर थेट ऊन येत असेल तर तिथे प्रत लावावी आणि मूळ फोटो आत ठेवावा. 1970 आणि 80 च्या दशकांतले रंगीत फोटो लालसर पडत चालले असतील, तर त्यांचे स्कॅन आधी करून घ्यावे.

तिसरा संकल्प वाटणीचा. घरे विभागली जातात तेव्हा भांड्यांबरोबर फोटोही विभागले जातात, आणि काही घरांत ते कुणाकडे आहेत यावरूनही अबोला असतो. जमिनीची वाटणी केली की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. फोटोची प्रत काढली की काहीच कमी होत नाही. ज्या भावाशी, ज्या बहिणीशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्यांना आई-वडिलांच्या एका जुन्या फोटोची प्रत पाठवा. सोबत तक्रार किंवा खुलासा लिहू नका, फक्त फोटो पाठवा. आपली मुले पुन्हा बोलू लागली, यापेक्षा मोठे तर्पण पितरांना कोणते?

चौथा संकल्प पुढे देण्याचा. त्या व्यक्तीचा एक गुण निवडा. आजी दारी आलेल्याला उपाशी पाठवत नसे, आजोबा दिलेली वेळ पाळत, आत्या कुणाची निंदा करत नसे. या पंधरा दिवसांत तो एक गुण आपण आचरणात आणूया. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर देतात. ती त्यांना आवडणारी गोष्ट तहानलेल्याच्या हाती देण्याचीच रीत आहे.

आणि पाचवा संकल्प ध्यानाचा. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे त्या फोटोसमोर बसा. प्रथम चेहरा पाहा. मग त्या व्यक्तीने दिलेली एक गोष्ट आठवा. मनात म्हणा, "हे मला तुमच्याकडून मिळाले." मग डोळे मिटा आणि चेहरा विरू द्या. धरून ठेवू नका. जे चैतन्य त्या देहात होते तेच या देहात श्वास घेत आहे, एवढी जाणीव राहू द्या. शेवटी त्यांच्या पुढच्या वाटचालीसाठी प्रार्थना करा आणि उठा. डोळे ओले असतील तर असू द्या.

साधकांनो, एक दिवस आपणही कुणाच्या तरी हातातला फोटो होणार आहोत. कुणीतरी विचारील, "हे कोण?" आणि कुणीतरी उत्तर देईल. ते उत्तर काय असावे, हे आज, आत्ता, आपल्या वागण्याने लिहिले जात आहे. आपण पुढच्या पानावर ऋण म्हणून राहावे की ओझे म्हणून, हे ठरवायला अजून वेळ आहे.

ज्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत त्या सर्व पितरांना, आणि ज्यांची नावे हरवली आहेत त्या सर्वांनाही, आपण एकत्र नमस्कार करूया. त्यांना शांती लाभो. आपल्याला त्यांचे चांगुलपण पुढे नेण्याचे बळ मिळो.

सर्वांना प्रेमपूर्वक नमस्कार.